बिघाडाचा दाखला

गाडीला जोडलेल्या स्कॅनरच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं: एकही दोष नाही. मिस्त्रीने वायर काढून गुंडाळली, पण बाई जागची हलेना. अजून एकदा लावून बघा, असं तिचं चाललं होतं.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. आठवड्यात ती तिसऱ्यांदा आली होती. चारही चाकांचे सेन्सर त्याने काढून, पुसून, तपासून पुन्हा बसवले होते. एकेक वायर बोटांनी चाचपली होती. ब्रेक ऑइलसुद्धा बदललं होतं. गाडी धडधाकट होती आणि नेमकं हेच बाईचं दुखणं होतं.

तिचा नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. बावीस वर्षं. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. महिन्यापूर्वी घरच्या गाडीतून जाताना उतारावर समोर कुत्रं आडवं आलं, मास्तरांनी ब्रेक मारला, तरी गाडी कठड्यावर जाऊन आदळली. मास्तरांच्या खांद्याचं हाड मोडलं, गाडी पत्र्याच्या कामाला या गॅरेजमध्ये आली. विचारेल त्याला ते एवढंच सांगत, पाय घसरला. स्कूलच्या मालकाने ते ऐकलं आणि हात जोडले. ज्याचा स्वतःचा पाय घसरतो त्याच्या हाती लोक कसे सोपवू, म्हणाला. गाडीतच बिघाड होता असा गॅरेजचा दाखला आज चार वाजेपर्यंत आला तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला.

दोन वाजून गेले होते. बाई एकदा घड्याळाकडे बघे, एकदा गाडीकडे. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळी, सोडी, पुन्हा गुंडाळी. पाय घसरला हे तिला मुळीच पटत नव्हतं. त्या दिवशी ती शेजारीच बसली होती. ब्रेक दाबल्याबरोबर खालून करकर आवाज आला, अख्खी गाडी थरथरली, हे तिने स्वतः अनुभवलं होतं.

मग मास्तर स्वतः का येत नाहीत, असं मिस्त्रीने विचारलं. बाईने मान खाली घातली. मास्तरांनी तिला बजावून ठेवलं होतं, गाडीत काही दोष नाही, गॅरेजची पायरी चढायची नाही. आजही ती बहिणीकडे जाते म्हणून निघाली होती. मानी माणूस, दुसरं काय, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आता मुक्या गाडीवर खापर फोडायची लाज वाटत असेल.

देऊन टाकावी एक ओळ खरडून, असं मिस्त्रीच्या मनात आलं. आपल्या बापाचं काय जातं? पण ब्रेकच्या बाबतीत खोटं लिहायला त्याचा हात धजेना. तो किल्ली घेऊन उठला. चला, तोच आवाज येतो का बघू, म्हणाला.

गॅरेजच्या मागे मोकळ्या जागेत खडी पसरलेली होती. पार टोकाला जुन्या टायरांचा ढीग. बाई शेजारी बसली आणि तिने सीटचा पट्टा लावला. मिस्त्रीने गाडी पळवली आणि ढीग चांगला लांब असतानाच ब्रेक पूर्ण दाबला.

करकर आवाज आला. गाडी थरथरली. पायाखालचा ब्रेक उड्या मारायला लागला. मिस्त्री पाय रोवून होता आणि गाडी थांबतच आली होती. तेवढ्यात बाई 'तुटला, तुटला' म्हणत वाकली, तिने त्याचा गुडघा धरला आणि वर ओढला. पाय सुटला. गाडी तशीच पुढे गेली आणि टायरांच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

'बघितलंत?' बाई धापा टाकत होती, पण तिचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला होता. 'हाच तो बिघाड. आता लिहा.'

मिस्त्रीने आधी ढिगाकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे. त्याला चिडताही येईना.

'ताई, हा बिघाड नाही,' तो म्हणाला. 'चाकं घसरू नयेत म्हणून गाडी आपणहून ब्रेक सोडते, धरते, सोडते, धरते. म्हणून ती थरथरते. अशा वेळी पाय तसाच दाबून ठेवायचा असतो.'

मास्तरांना हे ठाऊक नसेल असं कसं होईल? येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, साऱ्या गावाला शिकवताना घरात शिकवायचं तेवढं राहून गेलं होतं.

बाईचा हात अजून मिस्त्रीच्या गुडघ्याजवळ तसाच होता. तो तिने सावकाश मागे घेतला.

'त्या दिवशीही?' मिस्त्रीने हळूच विचारलं.

'मला वाटलं, ब्रेक तुटून त्यांचा पाय अडकेल. मी त्यांना वाचवायला बघत होते,' ती म्हणाली. 'म्हणूनच ते मला म्हणत होते, गॅरेजला जाऊ नकोस.'

आत आल्यावर मिस्त्रीने गॅरेजचा छापील कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि तो अडला. त्या माणसाने महिनाभर पोटात ठेवलेलं आपण कसं कागदावर आणायचं, ते त्याला कळेना. बाईने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजायला आले होते.

'लिहा, ब्रेक चांगला होता,' ती म्हणाली. 'आणि खाली जागा सोडा. त्यांचा पाय कुणी काढला, ते मी माझ्या हाताने लिहिते.'