मजकुराप्रमाणे चित्र

“घ्या, सगळं तुमच्या मनासारखं झालंय,” असं म्हणत संपादिकेने चित्रांचा गठ्ठा लेखकापुढे सरकवला. लेखक लाल पेन्सिलीला टोक करूनच आला होता. त्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि चित्रं काढणाऱ्या धाकट्या बहिणीच्या चुका काढायला बसला.

पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं, ‘गेंडोबा फार शूर होता.’ चित्रात तो गेंडा छाती पुढे काढून उभा होता. पलंगाखाली लपलेला नव्हता, की उंदराला बघून कपाटावर चढलेला नव्हता. दुसऱ्या पानावर होतं, ‘गेंडोबा अगदी बेताचं खाई.’ चित्रात बशीत एकच बिस्किट होतं आणि गेंडोबाच्या तोंडाला चुरासुद्धा लागलेला नव्हता. लेखकाची पेन्सिल हातातच राहिली.

इतक्या वर्षांत बहीण अशी कधी वागली नव्हती. तो एक लिही आणि ती बरोबर त्याच्या उलट काढी. सुरुवात झाली ती एका शब्दावरून. पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा लेखकाने माइक हातात धरून ऐटीत सांगितलं होतं, “माझ्या गोष्टी ही रंगवते.” ती समोरच्याच रांगेत बसली होती. रंगवते म्हणे, जशी काही भिंतच. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद झालं, पण पुस्तकं चालूच राहिली. तो मजकूर संपादिकेकडे पाठवी, तीही चित्रं संपादिकेकडेच पाठवी, आणि त्या चित्रांत भावाचे यथेच्छ वाभाडे काढी. गेंडोबाला तिने भावाचं पोट दिलं, भावाचा चष्मा दिला, विचारात पडल्यावर कान खाजवायची त्याची खोडसुद्धा दिली. पोरं खदाखदा हसत. पुस्तकं हातोहात खपत. मुलाखतींत लेखक सांगे, की ही सगळी गंमत मूळ माझीच. मग घरी येऊन नवीन चित्रं बघत दातओठ खाई.

मग गेल्या वर्षी एका शाळेत एक चिमुरडी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, तुम्ही सारख्या थापा का मारता? चित्रवाल्या ताई बघा, खरं काढतात.” मुख्याध्यापिकेसकट सगळा वर्ग हसला. लेखकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने संपादिकेला निर्वाणीचं सांगितलं, की यापुढे चित्र मजकुराप्रमाणेच हवं, नाहीतर दुसरी चित्रकार शोधा. आता बहीण चवताळून उठेल, घरी येऊन दार ठोठावेल, म्हणून तो उत्तरं तयार ठेवून बसला होता. ती आली नाही. ही चित्रं आली.

तो आता भराभर पानं उलटत होता. कुठेतरी टोमणा असणारच. मध्येच तो थबकला. घरातून निघताना गेंडोबाच्या डोक्यावर निळी टोपी होती आणि बागेत पोचेपर्यंत ती लाल झाली होती. त्याने मजकूर तपासला. चूक त्याचीच होती. एरवी तिने दोन्ही टोप्या एकावर एक चढवून गेंडोबाची, म्हणजे त्याची, पुरती फजिती केली असती. या वेळी तिने मुकाट्याने आधी निळी काढली होती आणि मग लाल.

“ही टोपी तिच्या लक्षात नाही आली?”

“आली होती ना. मी फोन केला होता त्यांना,” संपादिका म्हणाली. “म्हणाल्या, साहेबांनी लिहिलंय तसंच राहू दे.”

“साहेब? कोण साहेब?”

“तुम्ही.”

“आणि एरवी काय म्हणायची?”

संपादिका जरा घुटमळली. “एरवी म्हणायच्या, त्या गेंड्याला सांग.”

प्रत्येक वाक्य लिहिताना लेखक मनात म्हणत असे, बघू, आता याचं काय करतेस. शूर, हुशार, शहाणा असले शब्द तो मुद्दाम पेरत असे. गेली कित्येक वर्षं घरी बोलायला त्याला दुसरं कुणी नव्हतंच, आणि जी होती तिच्याशी तो असाच बोलत आला होता. आता तिने हे भांडणही काढून घेतलं होतं.

त्याला संतापही आला. असं गप्प बसून जिंकू देणार नाही, असं ठरवून त्याने शेवटच्या पानावरचा मजकूर खोडला आणि लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गेंडोबाला बहीण नव्हती. तिच्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.’

संपादिकेने ते वाचलं आणि त्याच्याकडे पाहिलं. “हे असंच पाठवू?”

“असंच. आता बघतो कशी गप्प बसते ती.”

ती काय काढेल ते त्याला घरी जाताजाताच दिसायला लागलं. गेंडोबाचा कान धरून त्याला फरफटत नेणारी गेंडी. नाहीतर झाडामागून त्याच्यावर पाण्याची बादली उपडी करणारी. आपण वाटेत एकटेच हसतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो आणखी चिडला.

चित्र आलं त्या दिवशी संपादिकेने ते त्याच्या हातात दिलं आणि चहा सांगून येते म्हणून ती बाहेर गेली. लेखकाने चित्र उजेडात धरलं. झाडामागे पाहिलं, खिडक्यांत पाहिलं, ढगांतसुद्धा पाहिलं. चित्र उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग परत सरळ केलं.

बाकावर गेंडोबा एकटाच बसला होता.