बाटलीवरची रेघ

भंगारवाला फाटकातून आत आला तेव्हा मुलगा गाडीखाली होता. बाहेर फक्त चपला दिसत होत्या.

"साहेब, गाडी न्यायला आलोय," भंगारवाला चपलांना म्हणाला.

"थांबा जरा," चपलांकडून आवाज आला. "शेवटचं बघतोय."

खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं. सुरुवातीला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळत होतं, ते खरंच गळत होतं. रेडिएटरच्या खालच्या पाइपवर, क्लिपपाशी, हिरवट पापुद्रा धरला होता. मेकॅनिकने पाइप बदलला, नवी क्लिप आवळली आणि "आता निर्धास्त राहा" म्हणाला. पण निर्धास्त राहणं मुलाच्या रक्तात नव्हतं. तो रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी बॉनेट उघडून कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीत डोकावू लागला. रोज सकाळी पाणी वरच्या रेघेच्या खाली. तो रेघेपर्यंत भरायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

गाडीखाली पुठ्ठा अंथरून झाला. पुठ्ठा कोरडा ठणठणीत. मेकॅनिकने रेडिएटरला पंप लावून हवेचा दाब दिला. काटा ढिम्म हलला नाही. झाकण बदललं, वॉटर पंप बदलला, पाणी कमी व्हायचं ते होतच राहिलं. शेवटी मेकॅनिक हात पुसत, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्यासारखा म्हणाला, "बाहेर गळत नाही म्हणजे इंजिन आतल्या आत पितंय. सगळं उघडावं लागेल. या वयात नका उघडू."

गाडी मूळची वडिलांची. याच गाडीत मुलाला मांडीवर बसवून त्यांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरायला दिलं होतं. पण गेल्या वर्षी त्यांनी ती फाटकाच्या खांबाला घासली, मुलाने किल्ली काढून घेतली, आणि बापलेकांचं बोलणं बंद झालं. जेवायचे एकाच टेबलावर, पण बोलायचे आईमार्फत. "तुझ्या चिरंजीवांना विचार, मीठ इकडे मिळेल का?" मीठ चिरंजीवांच्या हातातच असायचं. जेवण झालं की चिरंजीव खोलीत जायचे. संध्याकाळी गाडी परत आली की वडील पाय मोकळे करायला खाली जायचे.

आई निरोप चाळून द्यायची. इकडचा 'मूर्ख' तिकडे पोहोचत नसे आणि तिकडचा 'हट्टी' इकडे येत नसे. आपण चाळतोय म्हणून घर शाबूत आहे, असं तिला वाटायचं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

गाडी भंगारात जाणार, हेही वडिलांना तिच्याकडूनच कळलं. "त्याची गाडी, तो बघेल," एवढंच ते म्हणाले आणि पानावरून उठले. मुलालाही गाडी द्यायची नव्हती. म्हणून तर तो अजून गाडीखाली होता.

तेवढ्यात वडील जिना उतरून आले. मागोमाग आई. वडिलांच्या दोन्ही हातांत सरबताच्या जुन्या बाटल्या होत्या, गळ्यापर्यंत हिरव्या पाण्याने भरलेल्या. दोन्हींवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विष'.

"हेही घेऊन जा," ते भंगारवाल्याला म्हणाले. "गाडीचंच आहे. आता मी ठेवून काय करू?"

मुलगा सरपटत बाहेर आला. नाकाला ग्रीस लागलेलं.

"हे काय आहे?"

वर्षभरात वडिलांना थेट विचारलेला हा त्याचा पहिला प्रश्न. वडील सवयीने आईकडे वळले. "सांग त्याला, कूलंट आहे. संध्याकाळी गाडी आली की मी बघतो, तर पाणी रेघेच्या वर. इतकं भरतात का? जास्तीचं सिरिंजने काढून ठेवतो. किल्लीला हात लावलेला नाही मी, डावं दार लॉक होतच नाही, तिथून हात घालून बॉनेटचा खटका ओढतो."

"अहो, गाडी तापली की पाणी वर चढणारच!" मुलगा ओरडला. "थंड असताना बघायचं असतं! मी सकाळी भरतोय आणि तुम्ही संध्याकाळी उपसताय?"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हिला."

"मीही सांगितलं होतं, गाडीला कुणी हात लावायचा नाही. आईलाच!"

दोघांनी आईकडे पाहिलं. भंगारवाल्यानेही पाहिलं.

"सांगितलं होतंत," आई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, 'त्या गाढवाला सांग, पाणी जास्त भरतोय.' हा म्हणाला, 'त्या हेकट माणसाला सांग, गाडीला हात लावू नका.' मी गाढव काढलं, हेकट काढला. मग मागे उरलं ते पाणी. पाण्याचं काय एवढं सांगायचं, म्हटलं."



"गाढव?" मुलगा म्हणाला.

"हेकट?" वडील म्हणाले.

आणि मग जी काही जुंपली! बॉनेट धाडकन उघडलं. दोन डोकी त्यात एकदम शिरली.

"इतकी वर्षं माझ्या हातात कधी तापली का ही?"

"तापली नाही, खांबाला घासली!"

"खांब आधीपासूनच पुढे आलाय!"

"आणि ही खालची रेघ कशाला दिलीय, शोभेला?" वडिलांनी बाटलीवर बोट ठेवलं. "थंड गाडीत पाणी या दोन रेघांमध्ये असलं की झालं!"

"अरे, ती बाटली इकडे आण. ओत. हळू! हळू ओत म्हटलं ना!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. भंगारवाला दोन पावलं मागे सरकला. "काकू, भांडण फारच पेटलंय. मी पुढच्या रविवारी येऊ का?"

आईने डोळे पुसले. नाही म्हटलं तरी हसूही येत होतं तिला.

"नका येऊ," ती म्हणाली. "आणि भांडतायत कुठे? बोलतायत."