आरशामागचा आरसा

जुन्नरच्या एका छोट्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीचा काशाचा चिनी आरसा होता आणि त्याला जिवापाड जपणारे नवनाथराव होते. पाठीवर कोरलेले ड्रॅगन दिसावेत म्हणून त्यांनी आरशाची पाठ लोकांकडे आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. पण येणारा प्रत्येक जण आधी त्यात भांग बघायला जायचा, मग पाटी वाचायचा.

"चायना माल व्हय! तरीच तोंड दिसंना."

"अहो पावणं, ही पाठ हाय. नक्षी बघा, नक्षी!"

"मंग उलटा कशाला लावलाय, राव?"

वर्षभर हेच सांगून नवनाथरावांचा घसा बसला. शेवटी त्यांनी काचेच्या कपाटात, काशाच्या आरशामागे, बाजारातला साधा मोठा आरसा उभा केला. आता दोन्ही बाजू एकदम दिसणार होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कपाटापुढे ही गर्दी! ओझरच्या गणपतीहून परतणाऱ्या बायाही थबकू लागल्या. हरखून नवनाथरावांनी अभिप्रायाची वही उघडली.

"आरसा लई भारी आहे. फक्त पुढची ती ताटली काढा, कुंकू नीट दिसत नाही."

खाली तपासणीला येऊन गेलेल्या साहेबांचा हिरव्या शाईतला शेरा होता : "सूचना योग्य. ताटली तात्काळ हलवून आरसा मोकळा करावा."