निळा निशिगंध

"धुतलं की झालं!" म्हणत बोरस्तेकाकांनी बुरशीनाशकाची बाटली टाकीवर तिरकी धरली. औषधी गांजाच्या या परवानाधारक हरितगृहात माती औषधालासुद्धा नव्हती. रोपं टाकीतल्या खतपाण्यावरच वाढत. पानांवर भुरीची पांढरी बुरशी दिसली होती, आणि तीस वर्षं द्राक्षबाग सांभाळून इथे कामाला लागलेल्या काकांना भुरीचं काय कौतुक!

"पण काका, मुळांनी प्यायलेलं धुतलं कसं जाईल?" संशोधक रेवतीने त्यांचा हात धरला.

काकांनी हसण्यावारी नेलं, पण बाटली बाजूला ठेवली. प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी त्यांनी टेबलावरच्या फुलदाणीतला निशिगंधाचा दांडा निळ्या शाईच्या पाण्यात उभा केला आणि घटकाघटकेला येऊन त्याच्याकडे टक लावून पाहू लागले. दुसऱ्या सकाळी पांढऱ्या पाकळ्यांच्या कडा निळ्या झाल्या होत्या. काकांनी दांडा नळाखाली धरून चोळचोळ चोळला. पाकळ्या फाटल्या, निळाई हटली नाही.

"मॅडम, या गांजाच्या फुलांचं पुढे काय होतं?"

"अर्क निघतो. फिट येणाऱ्या मुलांसाठी. टोपलीभर फुलांची एवढीशी बाटली."

"म्हणजे फुलात चढलेलं विषही त्या एवढ्याशा बाटलीत?"

रेवतीने मान डोलावली.

काकांनी बुरशीनाशक कपाटात ठेवून कुलूप लावलं, खिशातून द्राक्षं विरळायची कात्री काढली आणि भुरीची पानं एकेक करून कापायला बसले. तिसऱ्या रोपाशी कात्री थांबली.

"तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, पोरी," ते म्हणाले, "धुऊन खा म्हणून."