कमरेची शिवण

पॅरिसहून शिवून आणलेल्या गाऊनच्या आत चौदा पोलादी पट्ट्या होत्या, जाळीचे नऊ थर आणि कमरेशी हुकांचा एक पट्टा. आत कुणी नसतानाही तो टेबलावर ताठ उभा होता.

तो आमच्या संग्रहालयाला देणाऱ्या हेमलताताई शेजारी बसल्या होत्या. "जानेवारी पंचावन्नमध्ये आईनं हा क्लबातल्या नाचाला घातला, एकदाच. एप्रिलमध्ये मी झाले. म्हणायची, तुझ्यासाठी कमरेची शिवण उसवून घेतली होती."

"सहाव्या महिन्यात नाच?" मी हसले.

"हट्टी होती गं! आत्या मात्र मरेपर्यंत म्हणत होती, ही अनाथाश्रमातून आणलेली." त्यांनी चष्मा पुसला. "आईला जाऊन महिना झाला. ती शिवण तेवढी दाखव मला."

उसवलेल्या रेशमात सुईची भोकं कायमची राहतात. मी भिंगातून कमरेभोवती दोनदा पाहिलं. एकही भोक नव्हतं.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

"माप घेते," मी म्हणाले.

पट्ट्याचे हूक लावून मी आतून टेप फिरवली. कंबर बावीस इंच भरली.