धुळ्याला काय कमी आहे?

सूतगिरणीसाठी जळगाव आणि धुळे इथल्या व्यापारी संघांनी मिळून एका कंपनीकडे अर्ज केला, आणि बैठक ठेवली दोन्ही शहरांच्या मधल्या अमळनेरला. म्हणजे कुणी कुणाच्या दारात गेल्यासारखं दिसायला नको. कंपनीच्या कामिनी मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "गिरणी एकच आहे. कुठे उभारायची?"

जळगावच्या व्यापारी संघाचे योगराज ताडकन उठले. धुळ्याबद्दलची वीस वर्षांची जळजळ बाहेर पडली. "आम्हालाच द्या, मॅडम! धुळ्याला काय कमी आहे? मुंबई-आग्रा हायवे त्यांच्या दारातून जातो. सुरत त्यांना जवळ. जागा म्हणाल तर हवी तेवढी, वर आमच्यापेक्षा स्वस्त. चांगला कारागीर जळगावात शिकतो आणि धुळ्यात जाऊन बसतो. जे बघावं ते त्यांनाच!"

मॅडमनी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि वही मिटली. "इतकं मुद्देसूद कुणी सांगत नाही. मग धुळे नक्की."

योगराज मटकन खाली बसले. शेजारी धुळ्याच्या संघाचे अध्यक्ष भिकननाना होते. त्यांना अजून तोंड उघडायलाही मिळालं नव्हतं. एवढं सगळं आपल्या गावात आहे, हे त्यांना आजच कळत होतं. ते हळूच योगराजांच्या कानाशी लागले आणि अहिराणीत विचारू लागले, "भाऊ, हाई बठ्ठं आमना धुयामा शे का?"