दुकानाची पायरी

रॅगनहिल्ड पायरीवर बसायला वाकली आणि पायरीच हातभर पुढे सरकली.

"ओ बाई, बाजूला व्हा!" बैलवाला ओरडला.

ओंडक्यांवर चढवलेलं अख्खं लाकडी दुकान बैलांमागे कुरकुरत निघालं होतं. रेल्वे गावाला बगल देऊन सहा मैल उत्तरेकडून गेली. बाकीची घरं केव्हाच रुळांकडे गेली होती. अमेरिकेतल्या डाकोटाच्या या माळावर आता एवढं एकच छप्पर उरलं होतं.

दुकानदार प्रुइट आत नेहमीसारखी कॉफी तोलत होता. "लोक म्हणायचे, प्रुइटचं दुकान चालत नाही," तो हसला. "बघा आता!"

"अहो, थांबवा! हाकोन सांगून गेलाय, बर्फ वितळलं की प्रुइटच्या पायरीवर भेटू म्हणून."

हाकोन तिचा नवरा. हिवाळ्याआधी रूळ टाकायला गेला होता. त्यांना अजून घर नव्हतं. ती दूरच्या शेतांवर लोकांच्या चुलीपाशी दिवस काढत होती. भेटायची खूण म्हणजे ही एवढी पायरी.

"मग बसा की पायरीवर! तुम्हालाही नेतो."

"चालत आला तर तो इथे येईल."

"आणि गाडीनं आला तर तिथे उतरेल. रूळ टाकणाऱ्यांना फुकट बसू देतात म्हणे."

"देतात?"

"म्हणे."

ती दुकानाबरोबर चार पावलं गेली, परत फिरली, पुन्हा धावली. मग एकदम थांबली.

"तिथे उतरला तर तुम्ही आहात, तुम्ही सांगाल. इथे आला तर कोण सांगणार?"

 प्रुइटने बैल थांबवायला लावले आणि पहार घेऊन खालची पायरी उचकटून तिच्यापाशी ठेवली.

"आता गिऱ्हाइकं चढणार कशी?" बैलवाल्याने विचारलं.

"उडी मारून. तू हाक."

दुकान लांब गेलं. दाराची घंटा हिसक्यांनी वाजत राहिली, कुणी सारखं आत येत असल्यासारखी. मग तीही ऐकू येईना.

दुकानाखालच्या तळघराच्या आता उघड्या पडलेल्या खड्ड्यापाशी रॅगनहिल्ड पायरीवर बसली. चालत आला तर तो दक्षिणेच्या पायवाटेने येईल. पण आधी रुळांपाशी उतरला तर उत्तरेकडून येईल. तोंड कुठे करावं तेच तिला कळेना.

ती उठली. दोन्ही वाटा दिसतील अशी पायरी तिने आडवी फिरवली आणि त्याच्यापुरती जागा सोडून एका कडेला सरकून बसली.